गॅरेट ओब्लाकचा उणे एक यार्ड

पोर्ट हॅलोरन, ओहायो
शुक्रवार, १६ एप्रिल २०१०

ती. स्व. ऑगस्टदादास,

धाकट्या लॅम्बर्टचा नमस्कार. दोन्ही हात जोडायला हवे होते, पण एका हातात पेन आहे. तेव्हा उरलेल्या हाताने केलेला नमस्कार पूर्ण समजावा. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती आणि तो बरा असल्याचं विल्मावहिनींनी कळवलं. डाव्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणून काळजी वाटते.) फ्लोरिडात म्हणे तुमच्या हिरवळीवर मगर येऊन पडते. ती अजून येते का, की तिनेही तुझ्या गोष्टी एकदा ऐकल्यावर येणं बंद केलं? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तळ्यावरचं बर्फ फुटलं. आपला स्टोकर्स फुटबॉल संघ यंदा सोळापैकी तेरा सामने हरला. गेल्या वर्षी चौदा हरला होता. त्यामुळे गावात जरा उत्साहाचं वातावरण आहे.

पत्रास कारण की, तसं काही विशेष कारण नाही. तुला वाटेल की लॅम्बर्ट काहीतरी मागायला लिहितोय. तसं मुळीच नाही. फक्त दीड महिन्यात जे घडलं ते तुझ्या कानावर असावं. ऐकल्यावर तू मला दोष देणार नाहीस अशी आशा आहे. दिलास तर त्यातला किती तुझ्या वाट्याला येतो ते पुढे येईलच.

तुला माहीत आहे की मी एकतीस हंगाम पत्रकारांच्या कक्षात काचेमागे बसून स्टोकर्सचे आकडे लिहिले. कोण किती यार्ड धावला, कोणी कोणाला आडवा केला, चेंडू कोणाच्या हातून निसटला. आठवडाभर काउंटीसाठी जमिनी मोजायच्या आणि रविवारी माणसं मोजायची. एकतीस वर्षांत माझा एकही आकडा कुणाला बदलावा लागला नाही. (मी हे बढाई म्हणून सांगत नाही. नोरीन म्हणते की दुसरं काही सांगण्यासारखं नसल्यामुळे सांगतो.) यंदा संघाला पंचाहत्तर वर्षं झाली. त्यानिमित्त एक जाडजूड पुस्तक निघतंय. संघातर्फे ज्याने मैदानावर एकदा जरी पाय ठेवला असेल त्या प्रत्येक माणसाचं नाव आणि त्याचे आकडे त्यात येणार आहेत. तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदाने घेतलं, कारण असल्या आकड्यांवर माझा किती जीव आहे हे तू जाणतोस. ज्याने पुढे आयुष्यात हजारो पास यशस्वी केले त्या महान खेळाडूचा अगदी पहिला यशस्वी पास त्याने स्वतःच झेलला होता आणि त्याबद्दल त्याच्या नावावर उणे सात यार्ड लागले होते, ही गोष्ट मी नोरीनला आमच्या पहिल्या भेटीत सांगितली असती. पण तेव्हा ती घडलेली नव्हती, म्हणून मला त्रेचाळीस सालच्या ०-० सामन्यावर भागवावं लागलं.

पुस्तकाची कच्ची यादी गावच्या पेपराने छापली आणि दुसऱ्याच दिवशी, मार्चच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नऊला दार वाजलं. दारात ओब्लाकबाई. आपल्या जुन्या चर्चच्या गल्लीतल्या ल्युडमिला ओब्लाक, आता ऐंशीच्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अक्रोडाच्या सारणाचा गोड पाव, त्यांची ती पोतित्सा, फडक्यात गुंडाळलेली, आणि काखेत पेपर. बसायच्या आधी त्यांनी पेपर टेबलावर पसरला आणि काठीच्या टोकाने एक ओळ दाखवली. ओब्लाक, गॅरेट. सामने: एक. चेंडू घेऊन धावला: एकदा. एकूण यार्ड: उणे एक.

"हे काय आहे, लॅम्बर्ट?" त्या म्हणाल्या.

मी समजावून सांगितलं. चेंडू घेतलेला माणूस जिथून डाव सुरू झाला तिथून पुढे गेला तर अधिक, मागे आडवा झाला तर उणे. त्यांचा गॅरेट १९८१ च्या डिसेंबरात, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, आपले दोन्ही धावणारे गडी जायबंदी झाल्यामुळे चाळीस सेकंद उरलेले असताना आत गेला. आपण तेव्हा ३८-० ने मागे होतो, म्हणजे कोणाला काही फरक पडत नव्हता. त्याने एकदा चेंडू घेतला आणि एक यार्ड मागे पडला. सामना संपला. पुढच्या हंगामाआधी त्याला घरी पाठवलं. हीच त्याची कारकीर्द.

"दोनशे चाळीस पौंडांचा पोरगा," बाई म्हणाल्या, "तो उणे कसा होईल? मी बत्तिसाव्या रांगेत होते. तो पुढे गेला. मी त्याला चालायला शिकवलंय, लॅम्बर्ट. पुढे कुठलं नि मागे कुठलं हे मला कळतं."

मी त्यांना धीर द्यायचा प्रयत्न केला. (तू हसशील, पण मला दुसरं काही येत नाही.) मी म्हटलं, बाई, या खेळात याहून वाईट झालंय. चौसष्ट साली मिनेसोटाच्या एका भल्या गड्याने निसटलेला चेंडू उचलला आणि चुकीच्या दिशेने सहासष्ट यार्ड धावला. शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन आनंदाने चेंडू भिरकावला आणि समोरच्या संघाला दोन गुण बहाल केले. तरी त्याचा संघ जिंकला आणि तो पुढे पंधरा वर्षं सन्मानाने खेळला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्याच्या आईला काय वाटलं?" मी म्हटलं, तशी नोंद नाही. मग मी सदुसष्टच्या शेवटच्या दिवशी ग्रीन बे गावात पंचाची शिट्टी थंडीने ओठाला कशी चिकटली ते सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "बिचारा. पण त्याला उणे तर नाही ना केलं?" शेवटी मी अर्ध्या पावलाच्या त्या माणसाची गोष्ट काढली, ज्याने सत्तर साली त्रेसष्ट यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि चाळीसहून अधिक वर्षं... नाही, चाळीसच वर्षं होतायत यंदा, तो विक्रम अजून कुणी ओलांडलेला नाही. तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो. त्या म्हणाल्या, "बघ. अर्ध्या पावलाचा माणूस त्रेसष्ट, आणि माझा दोन धडधाकट पायांचा उणे एक." पोतित्सा ठेवून त्या गेल्या.

बुधवारी त्या परत आल्या. गुरुवारीही. शुक्रवारी त्या नुसत्या आमच्या कोचावर बसून जपमाळ ओढत राहिल्या आणि प्रत्येक मण्याला माझ्याकडे बघत राहिल्या. मी जमिनी मोजलेला माणूस आहे. शेतकरी बंदुका घेऊन कुंपणावर उभे असताना मी फूटपट्टी ठेवलेली आहे. पण कोचावरच्या म्हातारीसमोर माणूस काय करणार? मी म्हटलं, बाई, आकडा हा आकडा आहे, मी तो बदलू शकत नाही. उद्या कुणाची आई येईल आणि म्हणेल की माझा मुलगा हरला नव्हता, मग मी सामना जिंकवून देऊ का? नोरीन स्वयंपाकघरातून म्हणाली, "द्यायला काय हरकत आहे? आपण एरवीही हरतोच."

इथून पुढे नोरीन फितूर झाली. रात्री ताटात बटाटा भरलेल्या नेहमीच्या पाच पिरोगींऐवजी चार आल्या. मी विचारलं, तर म्हणाली, "एक उणे." असं आठवडाभर चाललं. (मी मोजून ठेवलंय, एकूण सात.) रविवारी चर्चमध्ये फादरनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, प्रवाशांसाठी केली, आणि मग चष्मा सारखा करून म्हणाले, "आणि ज्यांचं माप कमी भरलं त्या सर्वांसाठी." सगळं चर्च वळून आमच्या बाकाकडे बघायला लागलं. केस कापायला गेलो तर न्हाव्याने एका बाजूचे जरा जास्तच कापले. म्हणाला, मोजणीत चूक झाली.

तेव्हा मी ठरवलं की एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावावा. माझ्या आकड्यावर माझा विश्वास होता. संघाच्या तळघरात जुन्या सामन्यांच्या चित्रफिती आहेत. तिथल्या माणसाकडून त्या दिवशीची फीत काढून घेतली आणि बुधवारी सकाळी पडद्यावर लावली. दादा, गॅरेट ओब्लाकची सबंध कारकीर्द चार सेकंदांची आहे. मी ती एकोणीस वेळा पाहिली. तुला तो दिवस आठवत असेल. सकाळपासून बर्फ पडत होतं, मैदानावरच्या रेषा कधीच झाकल्या गेल्या होत्या. वर काचेमागे बसलेल्या आम्हांला जमीन दिसत नव्हती. कडेला खुणेची काठी घेऊन उभा राहणारा माणूस ती काठी जिथे रोवेल तिथे चेंडू आहे असं आम्ही धरून चाललो होतो. दुसरा उपाय नव्हता.

तर फितीत असं दिसतं. चेंडू आपल्या चौतीस यार्डांच्या खुणेवर आहे. गॅरेट, पाठीवर एक्केचाळीस, चेंडू पोटाशी धरून मान खाली घालून घुसतो. समोरून चौघं येतात. ढीग होतो. ढीग उचलला जातो तेव्हा चेंडू चौतीसच्या खुणेसमोर आहे, बरोब्बर चौतीसच्या. मी कोनमापक लावला, कडेच्या जाहिरातीच्या फळीवरून अंतर काढलं, दोनदा पडताळलं. चौतीसवरून निघाला, चौतीसवर पडला. शून्य.

मात्र खुणेची काठी तेहेतीसवर उभी आहे.

काठी धरणाऱ्या माणसाने नारिंगी बंडी घातली आहे आणि डोक्यावर आईने विणलेली कानपट्ट्यांची लाल टोपी आहे. दादा, तो तू आहेस. ढीग होतो त्या क्षणी तुझ्या डाव्या हातात काठी आहे आणि उजव्या हाताने तू थर्मासमधून कॉफी ओततो आहेस. पंच बोटांवर फुंकर घालत तुला हात करतात. तू निघतोस, दोन पावलं टाकतोस, घसरतोस आणि बर्फात बसतोस. बसतानाही काठी सरळ ठेवतोस (याबद्दल मी तुला पूर्ण गुण दिले) आणि जिथे बसलास तिथेच ती राहते. मग सामना संपल्याचा भोंगा होतो. तू कॉफी संपवतोस. एक थेंबही सांडलेला नाही. फितीत स्पष्ट दिसतं.

वर काचेमागे बसलेल्या तुझ्या भावाने ती काठी पाहिली आणि लिहिलं: उणे एक.

मी फीत बंद केली. एकतीस वर्षांत एकच चूक, आणि ती एका माणसाच्या सबंध कारकिर्दीएवढी. हजार यार्ड धावलेल्याच्या हिशेबात एक इकडे-तिकडे झाला असता तर कुणाला कळलं नसतं. मी घरी आलो. नोरीनशी न बोलता दुरुस्तीचं पत्र लिहिलं, लीगच्या नोंदणी कचेरीच्या नावाने, तीन प्रतींत, आणि पोस्टात टाकलं. मग ओब्लाकबाईंकडे जाऊन उभ्याउभ्याच सांगितलं की तुमचं खरं होतं, तो मागे गेला नव्हता.

"मग किती?" बाई म्हणाल्या.

"शून्य."

त्यांचा चेहरा पडला. "शून्य म्हणजे काहीच नाही ना?" मी म्हटलं, शून्याला कमी लेखू नका, त्रेचाळीस साली डेट्रॉइटला दोन संघ चिखलात साठ मिनिटं लोळले आणि ०-० वर घरी गेले, त्यानंतर लीगमध्ये आजपर्यंत एकही सामना कोरा सुटलेला नाही. बाई म्हणाल्या, "निदान अर्धा तरी दे." आम्ही अर्धे देत नाही. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या की ठीक आहे, जागचा हलला नाही असं म्हणू, पण पळपुटा तर नव्हता. आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. दादा, मला फार बरं वाटलं. त्या रात्री ताटात सहा पिरोगी आल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेट स्वतः आला. बावन्न वर्षांचा झालाय, पोट सुटलंय, दारातून जरा आडवा होऊन आत येतो. येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"लॅम्बर्टकाका," तो म्हणाला, "आई सांगत होती तुम्ही मला शून्य केलं."

मी म्हटलं, आभार मानायची गरज नाही, सत्य ते सत्य.

"आभार नाही, काका. तुम्ही मला बुडवलंत."

आता तू इथून गेल्यावर झालेली एक गोष्ट तुला माहीत नसेल. गॅरेटचा बंदर रस्त्यावर एक बार आहे, जमिनीखाली, नऊ पायऱ्या उतरून. दारावर निळ्या दिव्यांत मोठ्ठं "−१" लिहिलेलं आहे. बाहेरगावचे लोक तिथे मुद्दाम येतात, कारण स्टोकर्सच्या पंचाहत्तर वर्षांत बरोब्बर उणे एकवर संपलेला हा एकटाच माणूस आहे. (उणे दोन चौघे आहेत, उणे तीन दोघे, आणि एक बिचारा उणे अकरा. मी तपासलं.) आत एक्केचाळीस नंबरचा सदरा काचेत लावलेला आहे. नव्या गिऱ्हाइकाने बारपासून एक यार्ड उलटं चालत जायचं आणि मगच पहिला ग्लास मिळतो. त्याची बायको त्याला तिथेच भेटली. त्याची कहाणी ऐकून ती हसता हसता स्टुलावरून पडली आणि याने उचलली.

"शून्यवाले किती आहेत काका, या संघात?" त्याने विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. "त्रेचाळीस," मी म्हटलं. "आता चव्वेचाळीस."

तो खाली बसला. म्हणाला, "त्या दिवशी पडलो तेव्हा मला वाटलं होतं तीन यार्ड तरी काढले. दुसऱ्या दिवशी पेपरात बघितलं, उणे एक. महिनाभर घराबाहेर पडलो नाही. मग एक दिवस गॅसवाल्याने विचारलं, तूच ना तो? आणि मला हसू आलं, काका. तो पण हसला. तेव्हापासून माझं चाललंय बघा. आता तुम्ही म्हणता ते झालंच नव्हतं."

मी विचारलं, मग आईला हे सांगितलं का नाहीस? दारावर एवढं मोठं लिहिलंय. तर हा बावन्न वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. बाई कधी बारमध्ये पाऊल टाकत नाहीत. रस्त्यावरून जाताना त्यांनी एकदा पाटी पाहिली होती आणि विचारलं होतं. याने सांगितलं की जमिनीखाली पहिला मजला, म्हणून उणे एक, तुमच्या जुन्या देशात लिफ्टमध्ये लिहितात तसं. बाईंना ते पटलं होतं. इतकी वर्षं त्या लोकांना कौतुकाने सांगत होत्या की माझ्या मुलाने युरोपी पद्धत ठेवली आहे.

माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना कर. आईला शून्य हवं, मुलाला उणे एक हवा, खरं शून्य आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कप कॉफी. मी नोरीनला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही आकड्यांचं बघता ना? मग माणसांचं मी बघते." आणि शनिवारी दुपारी तिने ओब्लाकबाईंना गाडीत घातलं आणि थेट बंदर रस्त्यावर नेलं. मी मागच्या सीटवर होतो. माझं मत कुणी विचारलं नाही.

नऊ पायऱ्या उतरायला बाईंना बराच वेळ लागला. आत तीसेक माणसं होती. गॅरेट ग्लास पुसत होता, तो पुसतच राहिला. बाईंनी सदरा पाहिला. भिंतीवर चौकटीत लावलेलं जुन्या पेपराचं कात्रण पाहिलं, चष्मा चढवून वाचलं, पुन्हा वाचलं. जमिनीवर पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून बरोब्बर एक यार्डावर ठोकलेल्या आहेत (मी पावलाने मोजलं, अंतर चोख आहे), त्याही पाहिल्या.

"उणे एक म्हणजे तळघर, म्हणालास," त्या म्हणाल्या.

"तळघर पण आहेच, आई," गॅरेट म्हणाला.

"हे लोक तुला हसतात?"

"हो."

"रोज?"

"सोमवारी बंद असतं."

तेवढ्यात कोपऱ्यातला एक ट्रकवाला उठला आणि टोपी काढून म्हणाला, "बाई, मी एरीहून वर्षातून चारदा इथं वाट वाकडी करून येतो. आमच्या गावात एवढंसुद्धा कुणी केलेलं नाही. लीगमध्ये चेंडू हातात घेऊन आत घुसलाय तुमचा पोरगा. मी गेलो असतो तर उणे दहा झालो असतो." बाकीचे म्हणाले, "खरंय." एक म्हणाला, "उणे वीस."

ओब्लाकबाई त्या पहिल्या पितळी पट्टीपाशी गेल्या. काठी नोरीनच्या हातात दिली, बारकडे तोंड केलं आणि उलटं चालायला लागल्या. एक पाऊल. थांबल्या. दुसरं पाऊल. गॅरेट बारमागून धावत येऊन त्यांच्या पाठीशी दोन्ही हात पसरून उभा राहिला होता, पण त्याने हात लावला नाही. चार पावलं लागली. चौथ्याला टाच मागच्या पट्टीवर पडली. एवढा गोंगाट मी आपल्या स्टेडियममध्ये शेवटचा कधी ऐकला ते मला आठवत नाही, आणि तू जाणतोस, मला आठवतं. गॅरेट रडत होता. बाईंनी त्याच्याकडून अर्धा ग्लास बिअर घेतली, दोन घोट प्यायल्या, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे वळल्या.

"लॅम्बर्ट, तुझं ते शून्य परत घे."

मी म्हटलं, बाई, पत्र पोस्टात टाकलंय. तीन प्रतींत.

तीस माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. दादा, मी सत्तर वर्षांचा आहे, आणि बरोबर असल्याबद्दल इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मला वाटत होतं की मी ते पत्र गॅरेटसाठी लिहिलं. त्या पायऱ्या चढून वर येताना मला कळलं की मी ते माझ्यासाठी लिहिलं होतं. एकतीस वर्षांचा माझा कागद पुन्हा स्वच्छ व्हावा म्हणून. ज्याचा आकडा होता त्याला विचारलंच नव्हतं.

परवा लीगच्या कचेरीचं उत्तर आलं. अतिशय सभ्य पत्र आहे. ते म्हणतात की फीत जुनी आहे, बर्फ आहे, कोन तिरपा आहे, तेव्हा केवळ तिच्यावरून आकडा बदलता येत नाही. खुणेची काठी ज्या इसमाने धरली होती तो हयात असल्यास त्याची सहीनिशी साक्ष जोडावी. त्याला प्रसंग आठवत नसल्यास तसं सहीनिशी लिहून द्यावं, म्हणजे मूळ नोंद कायम राहील. पुस्तक तीस तारखेला छापायला जातंय.

तर असं सगळं आहे. कळवायचं होतं, कळवलं. नोरीन तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. मगरीपासून जपून राहा. वहिनींना साष्टांग नमस्कार (हा मनातल्या मनात पूर्ण दोन्ही हातांनी केला आहे).

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
लॅम्बर्ट

ता. क. सोबत लीगचा छापील कागद जोडला आहे. त्यात "सदर प्रसंग मला आठवतो" आणि "सदर प्रसंग मला आठवत नाही" असे दोन चौकोन आहेत. मी तुला काही सुचवत नाही. आयुष्यभर मी खऱ्याची बाजू घेतली आहे, हे तू जाणतोस. फक्त खालच्या चौकोनापाशी पेन्सिलीने एक बारीक टिंब काढून ठेवलं आहे, म्हणजे चष्मा नसला तरी सापडेल. तुझं वय शहात्तर आहे. कुणाला संशय येणार नाही.

ता. क. २. हे पाकीट बंद करण्याआधी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या की तुला तो दिवस लख्ख आठवतो. तू बर्फात कसा बसलास आणि एक थेंबही कसा सांडला नाही, हे तू तिथल्या क्लबात दर गुरुवारी उभा राहून, हातात काठी घेऊन करून दाखवतोस. तुला इतकी वर्षं माहीत होतं, दादा? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस? याबद्दल आपण नंतर बोलू. तूर्त गुरुवारचा कार्यक्रम बंद ठेव.

ता. क. ३. फोनवर मी जे बोललो ते ओब्लाकबाईंनी ऐकलं. त्या तेव्हा आमच्या कोचावरच होत्या. त्यांनी तुझा पत्ता मागितला, मी दिला. त्या सोमवारच्या बसने निघताहेत, बुधवारी सकाळी तुमच्याकडे पोचतील. उतरवून घ्यायला यायची गरज नाही म्हणाल्या, आणि परतीचं तिकीट काढलेलं नाही. तू विसरेपर्यंत त्या तिथेच राहणार आहेत.